‘श्री.’ कोणाच्या वाट्याला?

वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पुरुषांच्या नावांपुढे काय छापायचे, या प्रश्नावर आमच्या गावात दोन बैठका झाल्या आणि दोन्ही वेळा चहा थंड झाला. एका गटाचे म्हणणे असे की ‘श्री.’ ही आपली रीत आहे आणि ती मोडण्याचे काही कारण नाही. दुसऱ्या गटाचा सवाल होता की गोव्यात राहून ‘बाब’ हा इथल्या मातीतला, कोकणीतला मानाचा शब्द टाकून द्यायचा आणि घाटावरचा ‘श्री.’ मिरवायचा, हे कशासाठी? तिसरा गट तरुणांचा होता. त्यांतले बरेच जण पणजी-पर्वरीला नोकरीला आहेत, कचेरीत वरिष्ठांनाही नुसत्या नावाने हाक मारतात, आणि त्यांच्या मते आजच्या काळात नावापुढे काहीही लावणे हेच मागासलेपण. गोव्यातला कोणताही वाद तिसऱ्या वाक्याला मराठी-कोकणीवर येतो, तसा हाही आला. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोणत्या भाषेला काय मिळाले, तेव्हा कोण कोणाच्या बाजूला होते, याची उजळणी झाली आणि स्मरणिका बाजूला पडली. मुद्रितशोधक म्हणून मी दोन्ही बैठकांना हजर होतो. प्रुफे माझ्या पिशवीत होती आणि ती कोणी मागितली नाहीत.

या वादात तिन्ही गट चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत, असे माझे मत आहे. मानाचा शब्द कोणत्या भाषेतून आला, त्याला कोणत्या धर्माचा वास येतो, तो नवा की जुना, ही चर्चा रंजक असली तरी तिच्यातून काही ठरत नाही. तो शब्द कोणाच्या नावापुढे लागतो आणि कोणाच्या नावापुढून गळतो, एवढ्यावरच त्याची किंमत ठरते. माझ्या पिशवीतल्या प्रुफांत पहिल्या पानावर मंत्रिमहोदयांच्या नावाआधी ‘मा. ना. श्री.’ असा लवाजमा होता. मधल्या पानांवर देणगीदार, माजी अध्यक्ष, लेखक यांना ‘श्री.’ होता. शेवटच्या पानावर ‘सहकार्य’ या मथळ्याखाली अकरा नावे होती: मंडप घालणारा, वीज जोडणारा, ध्वनिक्षेपकवाला, दोन आचारी, वाचनालयाची कपाटे वर्षानुवर्षे दुरुस्त करत आलेला सुतार आणि असेच आणखी काही जण. त्या अकरांपैकी एकाच्याही नावापुढे काही नव्हते, आणि चौघांना तर आडनावही नव्हते. दोन बैठकांत ते पान कोणी उघडले नाही. माझे म्हणणे साधे आहे. एकच हलका मानशब्द निवडावा, मग तो ‘श्री.’ असो की ‘बाब’. तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक प्रौढ पुरुषाला सारखा लावावा, आणि त्याच्या वरच्या सगळ्या पायऱ्या काढून टाकाव्यात.

‘श्री.’वरचा आक्षेप आधी घेऊ, कारण तो वजनदार आहे. श्री म्हणजे लक्ष्मी, वैभव. ‘श्रीयुत’ म्हणजे त्या श्रीने युक्त. आपण मंगेशाला, शांतादुर्गेला, सप्तकोटेश्वराला जो शब्द लावतो तोच माणसाला लावतो. फरक एका टिंबाचा. देवाच्या ‘श्री’ला टिंब नसते, माणसाच्या ‘श्री.’ला असते, कारण तो ‘श्रीयुत’चा संक्षेप आहे. हे टिंब सांभाळण्यात माझी निम्मी हयात गेली. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यातला प्रत्येक चौथा माणूस ख्रिस्ती आहे आणि बारातला एक मुसलमान. त्यांच्या नावांपुढे देवीचे नाव छापण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न उद्धट म्हणता येणार नाही. तमिळनाडूत १९६७ साली सत्तांतर झाल्यावर सरकारी व्यवहारातून ‘श्री’ काढून ‘तिरु’ आणला गेला, तोही संस्कृतच्या वर्चस्वाविषयीच्या अशाच अस्वस्थतेतून.

तरीही मूळ अर्थावरून निकाल द्यायचा ठरवला तर जगात एकही मानशब्द शिल्लक राहणार नाही. इंग्रजीतला ‘मिस्टर’ हा ‘मास्टर’चा झिजलेला उच्चार, म्हणजे मालक, धनी. फ्रेंचांचा ‘मस्य’ म्हणजे ‘माझे स्वामी’. पोर्तुगीज ‘सेन्योर’, स्पॅनिश ‘सेन्योर’, इटालियन ‘सिन्योरे’ आणि इंग्रजी ‘सर’ हे सगळे लॅटिनमधल्या ‘अधिक वयाचा’ या एकाच शब्दाचे वंशज आहेत, आणि पोर्तुगीजांत तोच सेन्योर प्रार्थनेत परमेश्वरालाही लागतो. ज्या गोव्याने सेंट फ्रान्सिस झेवियरला ‘गोंयचो सायब’ म्हटले आणि म्हापशाच्या मिलाग्रीला, म्हणजे तिथल्या मेरीमातेला, ‘सायबीण’, त्या गोव्याने अरबी ‘साहिब’ हा शब्द चर्चमध्ये नेला आणि कोणाचा धर्म त्यामुळे बाटला नाही. वापराने शब्दाची धार जाते. मराठीत राजाला लागणारा ‘राव’ आधी सरदाराच्या, मग गणपतरावाच्या नावाला चिकटला आणि आता कॉलेजातली पोरे एकमेकांना ‘काय राव’ म्हणतात. मालकाला उद्देशून असलेला पोर्तुगीज ‘पात्रांव’ आज तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, शेजारच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसाला मिळतो. तेव्हा ‘श्री. फर्नांडिस’ लिहिताना लक्ष्मी कोणाच्या मनात येत नाही, हे मला पुरेसे वाटते. पण हा निर्णय माझ्या मनाने होऊ नये, हेही मी मानतो. ज्याला ‘श्री.’ नको त्याला ‘बाब’ द्यावा आणि काहीच नको असेल तर त्याने तसे सांगावे. ज्याचे नाव त्याचा शब्द शेवटचा.

‘बाब’च्या बाजूने बोलणाऱ्यांविषयी मला आपुलकी आहे. मराठी लिहिणाऱ्या गोवेकरालाही हा शब्द परका नाही, आणि ‘श्री.’पेक्षा त्यात ऊब अधिक आहे, हे मान्यच करावे लागते. कोकणी लेखक वामन रघुनाथ वर्दे वालावलीकरांनी ‘शणै गोंयबाब’ असे टोपणनाव घेतले तेव्हा त्यात एक ज्ञातिवाचक मानशब्द आणि एक प्रेमाचा, असे दोन्ही होते. परंतु ‘बाब’ला जे निरागस मातीतले रूप दिले जाते ते खरे नाही. माझे आजोबा लहानसे भाटकार, म्हणजे माडांच्या बागायतीचे जमीनदार, होते. त्यांची हिशेबाची वही माझ्याकडे आहे, निम्मी मोडीत आणि निम्मी बाळबोधीत. तिच्यात ज्यांच्याशी पत्रव्यवहार होता त्यांच्या नावाआधी ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री आहे, शेजारच्या भाटकारांच्या नावाला ‘बाब’ जोडलेला आहे, आणि नारळांच्या पाड्याच्या पानांवर पाडेली (नारळ पाडणारे), रेंदेर (माडाची सूर काढणारे), मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे) यांची नावे आहेत ती नुसती, बहुतेक आकारान्त-ओकारान्त टोपणनावे, पुढे नारळांचा आकडा. साठीतला पाडेली माझ्या चुलत्याला, म्हणजे तेव्हाच्या दहा वर्षांच्या पोराला, ‘बाब’ म्हणत असे आणि तो पोरगा त्याला नावाने हाक मारत असे, हे मला घरातल्याच माणसांनी सांगितले आहे, तेही कौतुकाने. १९६४ साली कुळांसाठी कायदा आला, १९७५ साली मुंडकारांसाठी आला, घराखालच्या जमिनीचा प्रश्न काही प्रमाणात मार्गी लागला. हाकेचा प्रश्न कोणत्याही कायद्यात नव्हता. तो तसाच आमच्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर येऊन बसला आहे. ‘श्री.’ काढून ‘बाब’ आणला आणि त्याचे वाटप आजोबांच्या वहीप्रमाणेच ठेवले, तर बदलले काय?

आता तरुणांकडे वळू, कारण त्यांचा युक्तिवाद सगळ्यांत बळकट आहे आणि बैठकीत त्याला नीट उत्तर मिळाले नाही. मिळाली ती ‘तुम्हाला वळण नाही’ ही टीका. ते म्हणतात की मानशब्दाचे वाटप कायम विषमच राहणार, तर मुळावरच घाव घाला. कोणालाच काही लावू नका, नुसते नाव छापा, प्रश्न मिटला. त्यांच्या बाजूने जगातले उदाहरणही आहे. स्वीडनमध्ये समोरच्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणण्याऐवजी त्याच्या हुद्द्याने, तृतीयपुरुषी उल्लेख करून बोलण्याची अवघड चाल होती. ‘संचालक महोदय चहा घेणार का’ असे संचालकांच्या तोंडावर विचारायचे. १९६७ साली तिथल्या वैद्यक खात्याचे प्रमुख ब्रुर रेक्सेड यांनी रुजू होताना आपल्या कर्मचाऱ्यांना जाहीर सांगितले की मी तुम्हा सर्वांना ‘डू’ म्हणजे ‘तू’ म्हणणार आहे. ही लाट आधीच उठत होती, या घोषणेने ती देशभर गेली आणि काही वर्षांत स्वीडिश माणसाच्या बोलण्यातून हुद्दे जवळजवळ नाहीसे झाले. खालच्या पायरीवर सगळ्यांना आणून केलेली समता तिथे यशस्वी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०२३ साली बातम्यांतला ‘मिस्टर’ सोडला तेव्हाही आभाळ कोसळले नाही.

मग मराठीत ते का चालू नये? कारण मराठीत मान फक्त नावापुढे बसत नाही, तो क्रियापदात बसतो. इंग्रजीत ‘मिस्टर’ काढला तरी पुढचे क्रियापद जसेच्या तसे राहते. मंत्र्याला आणि माळ्याला तेच ‘केम’. मराठीत नाव उघडे पडले की लगेच प्रश्न उभा राहतो: ‘आला’ लिहायचे की ‘आले’? कोणतेही मराठी वर्तमानपत्र उघडून पाहावे. उद्योजक जिन्यावरून ‘पडले’, मजूर परांचीवरून ‘पडला’. प्राध्यापक ‘म्हणाले’, रिक्षाचालक ‘म्हणाला’. कलावंतांचे निधन ‘झाले’ आणि त्यांच्या मागे परिवार राहिला, कामगार मात्र ‘ठार झाला’. हे लिहिणारा बातमीदार दुष्ट नसतो, त्याला कोणी असा नियमही दिलेला नसतो. बोटे आपोआप त्या रुळावरून जातात. मी स्वतः वर्षानुवर्षे अशी वाक्ये तपासून, ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पुढे पाठवली आहेत, आणि ‘पडला’चे ‘पडले’ करावे असे मला एकदाही सुचले नाही. मानशब्द काढून टाकल्याने आपल्याकडे समता येत नाही. विषमता फक्त नावापुढून उचलून क्रियापदात जाऊन बसते, जिथे ती कोणाला दिसत नाही आणि म्हणून तिच्यावर बैठकही होत नाही.

याउलट ‘श्री.’ची एक खोड आहे, आणि ती मला फार उपयोगी वाटते. तो क्रियापदाला आपल्याबरोबर वर ओढतो. ‘श्री. अमुक आला’ हे वाक्य मराठी माणसाला लिहिताच येत नाही. हात अडखळतो, कानाला खुपते, आणि ‘आले’ लिहावेच लागते. सुताराच्या नावापुढे ‘श्री.’ लिहिला की त्याने कपाट ‘दुरुस्त करून दिले’ यात फरक पडत नसला तरी पुढच्या वाक्यात तो ‘थांबले’, ‘बोलले’, ‘निघाले’ असा होतो. एक दीड अक्षराचा संक्षेप संपूर्ण परिच्छेदाचे व्याकरण बदलतो. तरुण मित्रांनी कचेरीतली रीत जिथून आणली ती भाषा ‘यू’वर चालते, तिला हा खर्च नाही. आपण ती रीत उचलली, पण तिच्याखालचे व्याकरण उचलता येत नाही, आणि त्यामुळे त्याच कचेरीत वरिष्ठांना नावाने हाक मारूनही वाक्य ‘तुम्ही’ने पुरे होते, तर पाणी आणून देणाऱ्या माणसाला नावाबरोबर ‘तू’ मिळतो. हे मी कल्पनेने लिहीत नाही. बैठकीच्या दिवशीच, समतेवर बोलून झाल्यावर, त्यांतल्या एकाने चहावाल्याला ‘अरे, साखर घातली नाहीस का’ असे विचारले होते. चहावाला त्याच्या वडिलांच्या वयाचा होता.

त्याच इंग्रजीचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात क्वेकर पंथाच्या लोकांनी ठरवले की देवापुढे सगळे सारखे, म्हणून कोणापुढे टोपी काढायची नाही, कोणाला पदवी लावायची नाही आणि न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’ म्हणायचे. त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, पण हटले नाहीत. त्यांचे धैर्य वादातीत आहे. तरी इंग्रजी भाषा त्यांच्या वाटेने गेली नाही, ती उलट्या वाटेने गेली. ‘दाऊ’ हळूहळू वापरातून गेला आणि राजापासून कोळशेवाल्यापर्यंत सगळ्यांना ‘यू’, म्हणजे मूळचा ‘तुम्ही’, मिळाला. ‘मिस्टर’चेही तेच झाले. एके काळी कुलचिन्ह बाळगणाऱ्या सद्गृहस्थालाच तो मिळे आणि त्याच्या खालच्या माणसाला ‘गुडमन’. मग तो व्यापाऱ्याकडे आला, कारागिराकडे आला आणि अखेर सगळ्यांचा झाला. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीने १७९२ च्या सुमारास ‘मस्य’ काढून सर्वांना ‘सितुआयँ’ म्हणजे नागरिक केले. काही वर्षांत ‘मस्य’ परतला, आणि परतल्यावर तो पूर्वीसारखा उमरावांचा न राहता दूधवाल्याचाही झाला. तुर्कस्तानात १९३४ साली कायद्याने ‘एफेंदी’, ‘बे’, ‘पाशा’ या पदव्या रद्द करून सर्व पुरुषांसाठी नवा ‘बाय’ आणला. सरकारी कागदांवर नवा शब्द आला खरा, पण बोलताना तुर्की माणूस आजही नावामागे ‘बे’ लावतो, फक्त आता तो बँकेतल्या कारकुनालाही लावतो. वरचा शब्द खाली झिरपू दिला की तो टिकतो. फर्मान काढून सगळ्यांना उघडे करायला गेलो की लोक मागच्या दाराने जुना शब्द आणतात. मग स्वीडनचे काय? तिथे सुरुवात खात्याच्या प्रमुखाने केली होती. ज्याच्याकडे मान होता त्याने तो आधी खाली ठेवला. आमच्या बैठकीत ‘माझ्या नावापुढचे काढा’ असे पहिल्या पानावरच्या कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

मानशब्द ही क्षुल्लक बाब आहे, भुकेच्या आणि जमिनीच्या प्रश्नांपुढे ती काय, असेही एका ज्येष्ठांनी विचारले. ज्याला तो कधी नाकारला गेला नाही त्यालाच हे विचारता येते. १७७९ साली पुण्याच्या पेशवे दरबाराच्या आग्रहावरून मुंबईच्या कंपनी सरकारने तिथल्या सोनार ज्ञातीच्या प्रमुखाला लेखी कळवले की त्यांच्या ज्ञातीने अभिवादनात ‘नमस्कार’ हा शब्द वापरू नये. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लेखनात या प्रकरणाची नोंद घेतली आहे. दोन सरकारांनी एका शब्दासाठी पत्रव्यवहार केला, तो शब्द क्षुल्लक होता म्हणून? अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय पुरुष सत्तर वर्षांचा झाला तरी गोऱ्यांच्या तोंडी तो ‘बॉय’ म्हणजे पोरगा असे, नाही तर ‘अंकल’. ‘मिस्टर’ मात्र नाही. १९६३ साली अलाबामातल्या एका न्यायालयात मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीने, सरकारी वकील आपल्याला ‘मेरी’ न म्हणता ‘मिस हॅमिल्टन’ म्हणेपर्यंत उत्तर द्यायला नकार दिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला दंड आणि कैद झाली, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. १९६८ साली मेम्फिसच्या सफाई कामगारांनी संप केला तेव्हा त्यांच्या हातातल्या फलकांवर पगाराचा आकडा नव्हता. ‘मी माणूस आहे’ एवढेच होते, आणि इंग्रजीत त्या शब्दाचा रोख सरळ ‘पोरगा नव्हे, पुरुष’ असा होता.

वरच्या पायऱ्यांविषयी मी अधिक कठोर आहे. राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने लष्करी व शैक्षणिक पदव्या वगळता राज्याला पदव्या देण्याची मनाई केली. पद्म पुरस्कार या मनाईत येतात का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तेव्हा १९९५ साली न्यायालयाने ते वैध ठरवले, पण नावाच्या मागेपुढे उपाधी म्हणून ते लावता येणार नाहीत असेही सांगितले. त्यानंतर किती निमंत्रणपत्रिकांवर नावाआधी ‘पद्मश्री’ छापून मी पाठवला असेल याची मोजदाद नाही. खोडला की आयोजक परत लिहितात. २०१२ साली राष्ट्रपतींनी स्वतःसाठी ‘महामहिम’ नको असे कळवले. २०२१ साली केरळातल्या पालक्काड जिल्ह्यातील मात्तूर पंचायतीने आपल्या कचेरीत ‘सर’ आणि ‘मॅडम’ बंद केले, कारण नागरिक अर्जदार असतो, याचक नसतो. इकडे पंचायतीच्या गटार-उद्घाटनाच्या पाटीवर पंच-सदस्यालाही ‘मा.’ लागतो. एके काळी गोव्यात पत्राच्या पाकिटावर ‘एक्सेलेंतिस्सिमो सेन्योर’ म्हणजे ‘परमश्रेष्ठ महाशय’ लिहिण्याची पोर्तुगीज रीत होती. १९६१ साली ते राज्य गेले, पण हात तोच राहिला, फक्त लिपी बदलली. ‘डॉ.’, ‘ॲड.’ यांना माझी हरकत नाही, ती माहिती आहे. दोतोराला दोतोर म्हटलेच पाहिजे. पण त्यातही एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये शल्यचिकित्सक परीक्षा पास झाल्यावर ‘डॉक्टर’ सोडून पुन्हा ‘मिस्टर’ लावतात, कारण त्यांचा धंदा एके काळी न्हाव्यांच्या संघात मोडत होता आणि तेव्हा त्यांना डॉक्टर म्हणत नसत. ज्या साध्या शब्दाने त्यांना हिणवले जाई तोच त्यांनी अभिमानाने ठेवला.

बैठकीला आलेल्या दोघी शिक्षिकांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो मला सगळ्यांत नेमका वाटला. पुरुषांच्या ‘श्री.’वर दोन बैठका घेता, आमच्या ‘कु.’, ‘सौ.’, ‘श्रीमती’, ‘गं. भा.’चे काय? पुरुष जन्मल्यावर ‘चि.’, मोठा झाल्यावर ‘श्री.’, गेल्यावर ‘कै.’, मध्ये त्याचे लग्न झाले, मोडले, बायको वारली, याची छपाईला खबर नसते. विधुरासाठी मराठीत उपाधीच नाही. बाईच्या नावापुढच्या दोन अक्षरांत मात्र तिचा नवरा आहे की नाही, हे सगळ्या गावाला कळते. २०२३ साली महाराष्ट्रात एका मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ सुचवले आणि टीका झाल्यावर माघार घेतली. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. ‘श्री.’ची चांगली बाजू हीच की तो काही विचारत नाही. जर्मनांनी १९७२ मध्ये सरकारी भाषेतून ‘फ्रॉइलाइन’ आणि फ्रेंचांनी २०१२ मध्ये सरकारी कागदांतून ‘मादमुआझेल’ काढले ते याच मापाने: पुरुषाला जितके कमी विचारता तितकेच बाईला विचारा. आमच्या स्मरणिकेत सर्व प्रौढ स्त्रियांना ‘श्रीमती’ असावे असे त्या दोघींनी सुचवले. त्याला विरोध करणारे कोण होते ते इथे लिहीत नाही. ‘श्रीमती म्हणजे विधवा वाटते’ हे त्यांचे कारण, आणि सर्वांना लावला की ते वाटणे आपोआप संपेल, हे त्यांना पटले नाही.

काका, मामा, दादा, भाऊ ही नाती तोंडी आहेतच की, मग छापील उपाधी कशाला, असेही कोणी म्हणाले. तोंडी ती असावीतच. पण पावतीवर ‘काका’ लिहीत नाहीत.

शेवटी निर्णय झाला तो असा: ‘श्री.’ राहील, ज्यांना ‘बाब’ हवा त्यांनी आठ दिवसांत कळवावे, आणि मंत्र्यांच्या ‘मा. ना.’ला हात लावू नये, कारण अनुदान अजून यायचे आहे. शेवटच्या पानाचा ठरावात उल्लेख नव्हता, म्हणून ते मुद्रितशोधकाच्या अखत्यारीत येते असे मी धरून चाललो. त्या रात्री अकरा नावांपुढे लाल शाईने अकरा वेळा ‘श्री.’ लिहिला. सात जागी काही अडले नाही. चार जागी हात थांबला, कारण नुसत्या टोपणनावापुढे ‘श्री.’ लिहिला की ते थट्टा केल्यासारखे दिसते, ‘श्री.’ला पूर्ण नाव लागते, आडनाव लागते. तुर्कांनी पदव्या रद्द केल्या त्याच वर्षी प्रत्येकाला आडनाव घेण्याचा कायदा केला होता, त्याचे कारण मला तेव्हा नीट कळले. तिघांची आडनावे सचिवांना विचारून मिळाली. सुताराचे आडनाव सचिवांना माहीत नव्हते, अध्यक्षांना नव्हते, आणि ज्यांच्या घरातली दारे त्याने बसवली त्या खजिनदारांनाही नव्हते; वाचनालयाच्या पावतीपुस्तकांत तो सगळीकडे एकाच ओकारान्त हाकेने नोंदलेला होता. सकाळी मी त्यांच्या घरी फोन लावला. मुलाने उचलला. तुमच्या वडिलांचे पूर्ण नाव सांगता का, असे मी विचारले, तर पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही, आणि मग त्याने सावधपणे विचारले, “कित्याक? कसलो कागद आयला काय?”